ऐंशीच्या दशकातलं घर दाखवायचंय, पण कोणाचं?

पत्र

ताई, आमचं सासरचं घर अंत्रुज महालात, फोंड्याजवळच्या एका गावात आहे. जुनं राजांगणाचं (मध्ये मोकळा चौक असलेलं) घर, मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. सासरे काही वर्षांपूर्वी गेले, आता तिथे सासूबाई (आम्ही मांय म्हणतो) आणि सोबतीची एक बाई अशा दोघीच असतात. मी मुलांच्या शाळेमुळे म्हापशात, नवरा मस्कतला, दीर वास्कोत, नणंद बेळगावात. गावच्या वाचनालयाच्या मंडळींनी सुचवलं की तुमच्या घरात ‘ऐंशीच्या दशकातलं गोव्यातलं घर’ असं छोटं म्युझियम करूया, शाळेची मुलं येऊन बघतील. नवरा आणि दीर एकदम खूश. नवऱ्याने मस्कतहून लिस्टच पाठवली: रगडा (वाटणाचा दगड), दांतें (जातं), भाण (पाणी तापवायचं भांडं), कंदील, तांब्या-पितळेची भांडी, चुलीपाशी नऊवारी नेसवलेली एक बाहुली, आणि जे घरात नाही ते म्हापशाच्या बाजारातून विकत आणायचं. रांदची कूड, म्हणजे स्वयंपाकघर, आणि तिच्या बाजूची खोली द्यायची असं दोघा भावांनी ठरवलं. मांयना सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “हांव अजून जिती आसां गो, म्हज्या घराचें म्युझियम कित्याक करतात?” (मी अजून जिवंत आहे, माझ्या घराचं म्युझियम कशाला करता?) तेव्हापासून नीट बोलत नाहीत. नवरा म्हणतो तिला कळत नाही, एकदा झालं की आवडेल. मला ही कल्पना मनापासून आवडलीय, पण मांयना दुखवून नको. काय करू?

अंत्रुजची सून

उत्तर

बाय, तुझा नवरा म्हणतो मांयना कळत नाही, पण तुझं पत्र वाचून मला वाटलं की या सगळ्यात नीट कळलंय ते फक्त त्यांनाच. त्यांचं स्वयंपाकघर, ज्यात त्या आजही सकाळी चहा ठेवतात, ते लोकांना ‘असं असायचं पूर्वी’ म्हणून दाखवायचं आणि तिथे चुलीपाशी एक बाहुली बसवायची. त्या बाहुलीच्या जागी आयुष्यभर कोण बसलं होतं हे त्यांना सांगावं लागत नाही, आणि ती जागा आता बाहुलीला दिली की आपण कुठे, हा त्यांचा प्रश्न आहे. मला तो अगदी बरोबर वाटतो, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं काहीच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. म्युझियम करूच नका असं मात्र मी म्हणत नाहीय. कल्पना चांगली आहे, फार चांगली होऊ शकते, फक्त सुरुवात चुकीच्या माणसाकडून झालीय.

नवऱ्याची लिस्ट परत एकदा वाच. ऐंशीच्या दशकात तो किती वर्षांचा होता, शाळेतला मुलगा असेल. त्याला आठवतं ते घर लहान मुलाचं आहे, म्हणजे उठल्यावर भाणात पाणी तापलेलं असायचं, चवथीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, पावसात कंदिलाच्या उजेडात अभ्यास. छान आठवणी आहेत, खोट्या नाहीत. पण भाणाखाली जाळ घालायला पहाटे कोण उठायचं, ओली लाकडं पेटत नसताना फुंकणीने फुंकून कोणाचे डोळे लाल व्हायचे, रोजच्या हुमणाचं (माशाच्या आमटीचं) वाटण रगड्यावर कोण वाटायचं, विहिरीचे कळसे कोण आणायचं, ते दुसरं घर आहे आणि ते मांयना आठवतं. भिंती त्याच, साल तेच, तरी घरं दोन. तुमच्या म्युझियममध्ये यातलं कुठलं घर असणार, एवढंच खरं ठरवायचंय.

आणि मला वाटतं ते मांयचं असावं, कारण मुलाच्या आठवणीतलं घर आपल्याला सगळीकडे बघायला मिळतं, हॉटेलांत, लग्नाच्या हॉलच्या दारात, कुठेही जा, एक रगडा आणि एक कंदील ठेवलेला असतोच, आणि ज्या बाईने तो रगडा रोज ओढला तिला विचारलं तर ती कदाचित सांगेल की मिक्सर आला तो दिवस मला नीट आठवतो. मांयना हे विचार. मिक्सर कधी घेतला, कोणी आणला, सासूबाईंनी म्हणजे त्यांच्या सासूने काय म्हटलं, ‘मिक्सरच्या वाटणाला चव नाही’ असं कोणी म्हटलं का आणि कोण म्हणालं. गॅस कधी आला, सिलिंडरसाठी किती थांबावं लागायचं, नळ कधी आला, प्रेशर कुकरची पहिली शिट्टी ऐकून कोण घाबरलं. गोव्यातल्या कितीतरी घरांत बाईचं काम हलकं करणाऱ्या या गोष्टी सत्तर-ऐंशीच्या दशकांत एकेक करून आल्या, आणि तुझ्या नवऱ्याच्या लिस्टमध्ये त्यातली एकही नाही, कारण त्या ‘जुन्या’ दिसत नाहीत. रगडा ठेवायचा असेल तर ठेवा पण त्याच्या बाजूला मिक्सर पाहिजेच, सुमीतचा असेल, दुसरा कुठला असेल, झाकण तडकलेलं असलं तरी चालेल.

बाहुली तर सोडूनच द्या. ऐंशीच्या दशकात मांय तरुण सून होत्या, त्या नऊवारी नेसत होत्या का हे घरातल्या फोटोत बघ, बहुतेक पाचवारीतच दिसतील. मग ती नऊवारीतली बाई कोण, कुठल्या सालची? दशक म्हटलं की असाच घोळ होतो, पन्नास सालचं पितळ, पंच्याऐंशीचा टीव्ही आणि आजीच्या आजीचा पेटारा एकाच खोलीत येऊन बसतात आणि बघणाऱ्या मुलाला वाटतं पूर्वी म्हणून एक काळ होता आणि त्यात हे सगळं एकदम होतं. म्हणून माझा सल्ला, दशक नको, एक साल घ्या. वेल्समध्ये कार्डिफजवळ सेंट फॅगन्स नावाचं मोठं उघड्यावरचं म्युझियम आहे, तिथे मर्थिर टिडफिल गावातल्या लोखंड-कामगारांची सहा घरांची एक रांग जशीच्या तशी उचलून आणून परत बांधलीय, घरं सारखीच पण प्रत्येक घर वेगळ्या सालचं लावलंय: 1805, 1855, 1895, 1925, 1955 आणि शेवटचं 1985. एका दारातून बाहेर आणि शेजारच्या दारातून आत, की तीस, चाळीस, पन्नास वर्षं गेली. तिथे ऐंशीच्या दशकाला कोणी जुनं-पुराणं म्हणून सजवलं नाही, एका सालाचं एक कुटुंब म्हणून दाखवलं.

तुमच्यासाठी मला 1987 सुचतं. त्या वर्षी 25 जानेवारीला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊला, तेव्हा तुमच्याकडे टीव्ही होता की शेजाऱ्यांकडे जायचे, चपला कुठे काढायच्या, जमिनीवर कोण आणि खुर्चीवर कोण, टीव्हीला हार घालायचे का, हे सगळं मांयना विचारता येईल. 30 मे 1987 ला गोवा घटक राज्य झालं, त्याच्या आधीची कोंकणी की मराठी या भाषेवरून झालेली भांडणं घराघरांत शिरली होती, जेवताना काय बोलणं व्हायचं तेही विचार, आणि त्या दिवसांतला एखादा गोमन्तक किंवा नवप्रभा पेपर कपाटाच्या तळाशी अंथरलेला सापडला तर तो जपून काढ. आणि मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 ला कोसळला होता, म्हणजे 1987 साली पणजीहून नदीपलीकडच्या बेतीला परत फेरीबोटीनेच जावं लागत होतं. मांयचं माहेर तू लिहिलं नाहीस, मांडवीपलीकडे बार्देशात असेल तर त्या वर्षी माहेरी जाणं केवढं लांब झालं असेल बघ, पोरांना घेऊन, पिशव्या घेऊन, फेरीच्या रांगेत. एका सालाला असं धरलं की प्रश्न आपोआप सुचतात, ‘पूर्वी कसं होतं’ असं विचारलं तर माणूस ‘बरें आशिल्लें’ म्हणून गप्प होतं. 1987 हट्टाने नको हं, मांय म्हणाल्या की मला नळ आला ते साल आठवतं तर ते साल.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट सांगते. टोकियोच्या ओता वॉर्डात एक छोटंसं दुमजली लाकडी घर आहे, 1951 मध्ये बांधलेलं, अगदी साध्या कुटुंबाचं, 1999 पासून ते लोकांना बघायला उघडं आहे. ते उघडलं त्या घरच्या मुलीनेच, कोइझुमी काझुको, जुन्या फर्निचरच्या आणि घरगुती जीवनाच्या अभ्यासक. त्यांनी घरातल्या वस्तू तर ठेवल्याच, पण त्याच्या आधीच आपल्या वयस्कर आईला घरकाम करताना कॅमेऱ्यात टिपून ठेवलं होतं, धुणं कसं धुवायचं, किमोनो उसवून परत कसा शिवायचा, रोजचं जेवण कसं करायचं. म्हणजे वस्तू बोलत नाहीत, त्या वापरणारे हात बोलतात हे त्या मुलीला ठाऊक होतं. तुझ्याकडे ते हात अजून आहेत बाय, आणि खिशात कॅमेरा असलेला फोन आहे.

तर असं कर. एखाद्या शनिवारी जा, म्युझियमचं नाव काढू नकोस, वाचनालयाच्या कोणालाही सोबत नेऊ नकोस. मांयच्या मांडणीवरचा एक स्टीलचा डबा उतरव आणि विचार, हा कोणाचा? आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून घ्यायची पद्धत होती ना, बारशाला कोणी दिलं, मुंजीला कोणी, लग्नात मामाने काय दिलं, सगळं टिंबाटिंबांच्या अक्षरांत लिहिलेलं. म्युझियमवाले प्रत्येक वस्तूला लेबल लावायला वर्षं घालवतात, आणि आपल्या आयांच्या मांडणीवर ती लेबलं कोरूनच ठेवलेली असतात. एका डब्यावर एक तास बोलणं होईल. तू मध्ये बोलू नकोस, फोन उलटा ठेवून चोरून रेकॉर्डिंग तर अजिबात नको, सांग की मांय, हे मी मुलांसाठी ठेवतेय, नको असेल तर बंद करते. त्या ज्या कोंकणीत बोलतील त्याच कोंकणीत राहू दे, नंतर पाटी लिहिताना वाटलं तर मराठीत समजावून लिही. एका वेळी एक-दोन वस्तू, त्या थकल्या की थांब. पत्र्याच्या पेट्या, कालनिर्णयची जुनी पानं ज्यावर दुधाचा हिशेब आणि गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहिलेली असते, रेशनचं कार्ड, स्टोव्हची पिन, सासऱ्यांची आंतर्देशीय पत्रं, हे सगळं हळूहळू निघेल.

काही गोष्टी गोड नसतील. चार दिवस बाजूला बसणं कुठल्या खोलीत व्हायचं, अंगण सारवायला येणाऱ्या बाईचा कप कुठे वेगळा ठेवलेला असायचा, ती कुठल्या दारातून यायची, घरात सगळ्यात शेवटी कोण जेवायचं आणि तेव्हा माशाचा कुठला तुकडा उरायचा. हे घर 1987 सालचं म्हणून दाखवायचं आणि हे सगळं गाळायचं हे मला पटत नाही, मुलांना कंदील दाखवून आपण काय शिकवणार. पण यातलं जे मांयचं स्वतःचं आहे ते बाहेर सांगायचं की नाही हे ठरवणार मांय, तू नाही, वाचनालय नाही. आणि त्या कामाच्या बाईची गोष्ट मांयनी एकट्याने सांगून पुरी होत नाही, ती किंवा तिची मुलगी गावात असेल तर तिलाही बोलवा, सन्मानाने, पुढच्या दारातून, आणि तिच्याकडचं एखादं भांडं तिने दिलं तर ते तिच्या नावाने ठेवा.

जागेचं. रांदची कूड आणि बाजूची खोली हे विसरा, राहत्या माणसाचं स्वयंपाकघर काढून घ्यायचं नाही, विषय संपला. माडीवर किंवा वसरीच्या टोकाला बंद पडलेली खोली असेल तर ती, आणि ती कुठली ते मांयना बोटाने दाखवू दे. हे मी फक्त भावनेने सांगत नाहीय. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची अर्धी-अर्धी, म्हणजे सासरे गेले तरी मांयचा अर्धा हिस्सा मांयचाच, आणि राहिलेल्या अर्ध्यात तिन्ही मुलं, बेळगावची नणंद धरून, तिचा हिस्सा भावांइतकाच. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून होणारी वारसांची वाटणी, अजून झाली नसेल तर दोघा भावांनी फोनवर बोलून खोली ‘द्यायची’ ठरवणं याला काही अर्थच नाही. कागद कसे आहेत ते वकिलाला दाखवा, पण त्याच्याही आधी नणंदेला फोन करा, तुझ्या पत्रात तिचं मत कुठेच नाही आणि 1987 मधलं ते घर तिने मुलगी म्हणून बघितलंय, भावांपेक्षा वेगळं, तिला पुष्कळ आठवत असेल.

बाजारातून वस्तू आणू नका. पुण्याचं राजा केळकर म्युझियम आहे, दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून लोकांच्या घरातले अडकित्ते, दिवे, भांडी जमवली, त्याला तोड नाही, पण ते वस्तूंचं म्युझियम आहे. शेतीची जुनी अवजारं बघायची तर बाणावलीला गोवा चित्र आहे, शाळेची मुलं तिथे जाऊ शकतात. तुमच्याकडे त्यांनी यावं ते एका घरासाठी. घरात टीव्ही नव्हता तर तिथे रिकामी जागा ठेवा आणि पाटीवर लिहा की टीव्ही शेजारी होता, विकत आणलेल्या टीव्हीपेक्षा ते जास्त खरं.

थोडं सांभाळायचं बोलते, कारण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कौलारू खोलीत जून ते सप्टेंबर कागद-कापडाची काय दशा होते तुला माहीत आहे. भिंतीला टेकवून काही ठेवू नका, हवा खेळली पाहिजे, वाळवीसाठी कपाटाचे पाय आणि मागची बाजू दर आठवड्याला बघायची. साड्या धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळा, मध्ये-मध्ये घडी बदला नाहीतर घडीवरच फाटतात, आणि उन्हात टांगून दाखवू नका, रंग उडतो. त्या काळातले चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम असतात ना, त्यांचा गोंद फोटो पिवळे करतो, आधी आहे तसेच पानासकट फोटो काढून घे, मग सुटतील ते अलगद सोडव, ओढू नकोस. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, भिंतीवर लावायला कॉपी काढा आणि मूळ फोटो कपाटात ठेवा. रेडिओतले सेल काढा, ते फुटून आतलं सगळं खातात. जुना रेडिओ किंवा टीव्ही हौसेने प्लगला लावू नका, आतली वायर सुकलेली असते, आणि टीव्हीचं मागचं झाकण तर कोणीच उघडू नका, बंद टीव्हीतही करंट साठलेला राहतो. स्टोव्ह आणि कंदिलातलं रॉकेल पूर्ण काढून टाका. सासऱ्यांच्या भजनाची वगैरे कॅसेट निघाली तर घरच्या जुन्या टेपमध्ये घालू नकोस, टेप गुंतली तर आवाज गेला, आधी जाणकाराकडून उतरवून घे. आणि एक साधी वही, नंबर, वस्तू, कोणाची, कोणी सांगितलं, कधी सांगितलं. वही नसेल तर पुढच्या पिढीसाठी ती नुसती अडगळ.

पहिले पाहुणे शाळेची मुलं नकोत. डेन्मार्कमध्ये ऑर्हूस शहरातल्या जुन्या घरांच्या म्युझियममध्ये पन्नासच्या दशकातलं एक घर खास विस्मरणाचा आजार झालेल्या वृद्धांसाठी लावलंय, तिथे येऊन ती माणसं वस्तू हातात घेतात आणि बोलायला लागतात. तुमच्या गावातही मांयच्या वयाच्या बायका असतील, गुडघ्यांमुळे देवळापर्यंतसुद्धा न जाणाऱ्या, त्यांना गाडी करून आणा, चहा द्या, डबे हातात द्या. वस्तूला हात लावू नका अशी पाटी त्या दिवशी तरी लावू नका. त्या जे बोलतील त्यातून अर्ध्या पाट्या लिहून होतील, आणि मांयना त्या दिवशी बाहुलीसारखं वाटणार नाही कारण चुका त्याच दुरुस्त करत असतील.

एवढं करून मांय नाही म्हणाल्या तर नाही. मग खोली लावू नका, रेकॉर्डिंग आणि वही तेवढी चालू ठेव, त्यालाही नको म्हणाल्या तर तेही थांबव. वाचनालयाला आत्ताच सांग की यंदा जमणार नाही, तारीख मांय ठरवतील, समजूतदार असतील तर थांबतील. आणि नवऱ्याशी तू भांडत बसू नकोस, मांयना समजावायचं काम त्याने तुझ्यावर टाकलंय ते परत त्याच्याकडे दे. मस्कतहून व्हिडिओ कॉल त्याने करायचा, आणि लिस्ट वाचून दाखवायची नाही, आईला विचारायचं की आई, मी झोपेतून उठायच्या आधी तू काय-काय केलेलं असायचंस, आणि मग ऐकायचं. पुढच्या महिन्यात काय झालं ते मला कळव.